जांभ्याचा गडगा, काचेच्या पेटीत: घरगुती पॅलुडेरियमच्या नोंदी

अर्धं पाणी, अर्धी जमीन आणि दोन्हीकडे झाडं अशी पेटी म्हणजे पॅलुडेरियम. माझी पेटी डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये, पूर्वेकडच्या भिंतीला लागून आहे. मनात चित्र होतं ते कोकणात कुडाळजवळच्या आमच्या घराच्या गडग्याचं, म्हणजे दगड रचून केलेल्या कुंपणाच्या भिंतीचं. श्रावणात तो जांभ्या दगडाचा गडगा तळापासून माथ्यापर्यंत हिरवा होतो, फटीफटीतून नेचे लोंबतात आणि खाली पाणी वाहत असतं. त्यातला हातभर तुकडा घरात आणायचा होता. कुणी असंच काही करणार असेल तर चुका आणि खर्च आधीच कळावेत म्हणून या नोंदी लिहून ठेवल्या.

१ जून २०२५, रविवार

यंदा पाऊस मे महिन्यातच आल्यामुळे आणखी वाट बघायची नाही असं ठरवलं. ॲक्वेरियमवाल्याकडून पेटी करून घेतली: २४ इंच लांब, १२ इंच रुंद, १६ इंच उंच, ५ मिमी काच. वरचं झाकण दोन तुकड्यांत, मध्ये दोन बोटांची फट ठेवून तिला नायलॉनची जाळी. सगळे मिळून २,१०० रुपये. रात्रभर गॅलरीत पाणी भरून ठेवली, गळती नाही. ही चाचणी चुकवू नका. आत दगड-माती गेल्यावर गळती सापडली तर सगळं उपसावं लागतं.

पाणी फक्त १२ सेंमी ठेवणार. हिशोबाने साधारण २१ लिटर होतं, पण दगडांची जागा वजा केली तर १६ च्या आसपास उरेल.

७ आणि ८ जून

व्हिडिओंमध्ये दाखवतात तशी पाठीमागची भिंत पीयू (पॉलियुरेथेन) फोमने करायला घेतली. फोमचा डबा ४५० रुपये, चिकटवायला सिलिकॉनची नळी २४०. अर्धी भिंत लावून झाल्यावर नळीवरचं बारीक अक्षर वाचलं. सिलिकॉन बाथरूमचं होतं, बुरशीनाशक घातलेलं. बुरशी मारणारं औषध पाण्यात उतरलं तर मासे, कोळंबी आणि पाणी स्वच्छ ठेवणारे जिवाणू सगळ्यांनाच धोका. चार संध्याकाळी ब्लेडने खरवडण्यात गेल्या. काचेवर पुसट थरसुद्धा ठेवला नाही.

नंतर साधं सिलिकॉन आणलं, १८० ची एक अशा दोन नळ्या. दुकानात विचारताना 'ॲक्वेरियमला चालेल असं, बुरशीनाशक नसलेलं' असं स्पष्ट सांगा. हे सुकताना व्हिनेगरसारखा वास येतो. तो पूर्ण जाईपर्यंत पाणी भरायचं नाही. मी ७२ तास थांबलो.

१५ जून, रविवार

पाणी भरलं. वीस मिनिटांत फोमची भिंत खालून सुटली आणि पेटीत तिरकी तरंगू लागली. फोम हवेने भरलेला असतो, त्यामुळे पाणी त्याला सतत वर ढकलतं. सिलिकॉनचे चार ठिपके तो जोर धरून ठेवत नाहीत, संपूर्ण पाठीला सलग थर लागतो. परत चिकटवता आला असता. पण तो तपकिरी रंगवलेला फोम बघून मला गडग्याची आठवण येईना. काढून टाकला. दोन आठवडे आणि ६९० रुपये वाया गेले.

रात्री गावी काकांना फोन करून जांभ्याचा एक जुना चिरा (बांधकामाचा घडीव दगड) मागितला. ते म्हणाले, "मुंबैत दगड गावना नाय काय रे तुका?" पण घराच्या मागे पडवीचे काढलेले चिरे रचून ठेवले आहेत, त्यातला देतो म्हणाले.

२९ जून, रविवार

मामेभावाने तुतारी एक्स्प्रेसने अर्धा चिरा गोणपाटात बांधून आणला. अख्खा चिरा एकट्याने उचलवत नाही.

जांभा खाणीतून ताजा काढला की मऊ असतो, वारा-ऊन लागलं की घट्ट होतो. हा तर कित्येक वर्षं भिंतीत राहिलेला. छिन्नी-हातोडीने फोडायला दोन दिवस लागले. गॅलरीत ओलं गोणपाट अंथरून, डोळ्यांना चष्मा लावून आणि दुपारी चारनंतरच, म्हणजे खालच्यांची झोपमोड नको. अकरा तुकडे मिळाले. सगळ्यात मोठा नारळाएवढा, सगळ्यात छोटा लिंबाएवढा. चुराही टाकला नाही, पुढे उपयोगी पडला.

फोडलेला जांभा जवळून बघण्यासारखा असतो. बाहेरून काळपट दिसला तरी आत विटकरी, पिवळा, जांभळा असे डाग आणि बोट जाईल एवढी वाकडीतिकडी भोकं. भोकांच्या आतल्या बाजूला लोण्यासारखी पिवळी माती. थेंबभर पाणी टाकलं की डोळ्यांदेखत नाहीसं होतं.

५ जुलै

धुण्यात आठवडा गेला. पहिल्या दिवशी बादलीतलं पाणी कोकणातल्या पावसाळी व्हाळासारखं (ओढ्यासारखं) लाल. रोज दोनदा पाणी बदललं, भोकांमध्ये जुना टूथब्रश फिरवला. सहाव्या दिवशी पाणी निवळ राहिलं. घाई केली तर हा गाळ पंपात जाऊन बसतो.

८ जुलै

धुतलेले तुकडे दहा लिटर पाण्यात तीन दिवस भिजवून पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कली दाखवणारा आकडा) तपासला. नळाचं पाणी ७.२, बादलीतलं ८.८! जांभ्यात चुना नसतो, त्याने पाणी असं चढायला नको. तुकडे एकेक करून उजेडात फिरवले. दोन तुकड्यांच्या एका बाजूला करडी पापडी होती. गवंड्याने कधीतरी दुरुस्तीत सिमेंटने दर्जा (दगडांमधल्या फटी) भरल्या असणार. त्यावर लिंबू पिळलं तर बारीक फेस आला, लाल भागावर काहीच नाही.

पापडी छिन्नीने उडवली, त्यातला एक तुकडा बादच केला. पुन्हा तीन दिवस भिजवल्यावर ७.४. जुन्या घराचा दगड आणणार असाल तर लिंबाची ही परीक्षा फोडण्याआधीच घ्या. मी नंतर घेतली आणि सहा दिवस घालवले.

१२ आणि १३ जुलै: रचाई

पेटीखाली थर्माकोल. आत तळाला, दगड येणार त्या भागात, फॉल्स सीलिंगच्या दिव्याला लावतात ती चौकटीची प्लॅस्टिकची जाळी. दगडाचं टोक थेट काचेवर टेकू द्यायचं नाही.

गडगा रचतात तसाच, विनाचुन्याचा रचला. मोठे तुकडे खाली, प्रत्येक थर किंचित मागे, फटीत चिपा ठोकून. डावीकडे १३ इंच उंच, उजवीकडे उतरत उतरत पाण्यात बुडणारा. हाताने हलवून पाहिला, तिसऱ्या प्रयत्नात न हलणारा झाला. फक्त माथ्याचे दोन दगड सिलिकॉनने जोडले, कारण ते काचेवर पडले तर संपलं. मागे काच आणि दगड यांच्यामध्ये चार बोटं जागा सोडली, तिथे पंप आणि मातीचे कप्पे. पुढच्या भागात पाण्याखाली धुतलेली बारीक वाळू, १२० रुपयांची.

१४ ते १६ जुलै: पेन्सिलच्या खुणा

या कामातली सगळ्यात उपयोगी गोष्ट इथे कळली. झाडं लावण्याआधी पंप न लावता नुसतं १२ सेंमी पाणी भरलं आणि दगड आपल्या आपण किती वरपर्यंत ओला होतो ते बघत बसलो. ओल्याची रेघ जिथे पोचली तिथे काचेवर बाहेरून खूण. तासाभरात पाण्याच्या वर ४ सेंमी. रात्री झोपताना ७. दुसऱ्या दिवशी ११. तिसऱ्या दिवशीही ११, पुढे सरकेना. जिथे दोन दगडांमध्ये नुसता टेकू होता तिथे रेघ तुटली होती. तिथल्या फटीत जांभ्याचा चुरा कालवून दाबला, तर चार तासांत वरचा दगडही ओला.

म्हणजे पाण्यापासून ११ सेंमीपर्यंतचा भाग पंपाशिवाय कायम ओला राहणार. त्यावरचा भाग ठिबकवर जगणार. झाडांच्या जागा या रेघेवर ठरवल्या.

२० जुलै: पंप, दिवा, झाडं

पंप ५ वॅटचा, ३५० रुपये. त्याची धार थेट माथ्यावर सोडली तर सगळीकडे शिंतोडे उडाले. म्हणून टी आकाराचा जोड लावून बहुतेक पाणी खालीच परत सोडलं आणि बारीक नळीला कॉक लावून माथ्यावर फक्त ठिबक ठेवली. नळी आणि कॉक ९० रुपये. दिवा १० वॅटचा पांढरा एलईडी ६५०, टायमर ४८०, रोज आठ तास.

झाडं ६४० ची. पाण्यात क्रिप्टोकोरीन आणि ब्राह्मी. रेघेखाली, ओल्या दगडावर, अनुबियास आणि जावा फर्न सुती दोऱ्याने बांधले. या दोघांचं आडवं जाड खोड मातीत पुरायचं नाही, पुरलं की कुजतं. रेघेच्या वर सिंगोनियम, फिकस प्युमिलाची वेल आणि फिटोनियाची दोन रोपं. माथ्याला जावा मॉस. ब्राह्मी मला विशेष आवडते, कारण ती पाण्याखालीही जगते आणि वर डोकं काढून हवेतही पसरते. पाणी आणि जमीन यांची शिवण तीच घालते.

मागच्या कप्प्यात नर्सरीची तयार माती भरली. इथे चुकलं, पुढे लिहितो.

२७ जुलै

तीन तक्रारी एकाच आठवड्यात. क्रिप्टोकोरीनची पानं विरघळून गेली. हे होतंच, जागा बदलली की ते पानं टाकतं. मुळं घट्ट असतील तर उपटू नका. डासांच्या अळ्या दिसल्या, रोज सकाळी चहाच्या गाळणीने काढतोय. आणि पाण्यातल्या अमोनियाची (तो माशांना विषारी) तपासणी केली (तपासणीचे थेंब ७०० रुपये, महाग वाटले तरी घ्या), तर आकडा २.

कारण ती नर्सरीची माती. तिच्यात शेणखत असतं, ठिबकीचं पाणी ते धुऊन खाली आणत होतं. सगळी माती चमच्याने उपसली. त्याजागी धुतलेलं कोकोपीट, लाकडी कोळशाचा चुरा आणि जांभ्याचा चुरा समभाग. अर्धं पाणी बदललं.

१० ऑगस्ट

दहा दिवसांपूर्वी अमोनिया उतरला, आता शून्य. मध्ये नायट्राइट (जिवाणू अमोनियापासून बनवतात ते, हेही माशांना घातक) चढून तेही उतरलं. महापालिकेच्या हिवताप विभागातून गप्पी मासे मिळाले, मोफत. पाच सोडले. संध्याकाळपर्यंत एक अळी शिल्लक नव्हती.

भाच्याला आत बेडूक हवा होता. गावचे बेडूक धरून आणायचे नाहीत, हे त्याला समजावून सांगितलं. एवढ्या पेटीत त्यांचे हाल होतात.

१७ ऑगस्ट

फिटोनियाची दोन्ही रोपं कुजली, १२० रुपये गेले. झाकणाची फट मी प्लॅस्टिकने बंद केली होती, आत सतत वाफ. फट उघडली, काचेवरचं धुकं दुपारपर्यंत निवळतं. कोकणातली आर्द्रता म्हणजे कोंडलेली वाफ नव्हे, तिथे वारा असतो.

२९ ऑगस्ट, गावाहून लिहितो आहे

गणपतीला २५ तारखेला आलो. आज सकाळी शेजारच्या काकूंचा फोन: "अरे, तुझ्या त्या पेटीखाली पाणी येतंय." त्यांना फोनवरच पंप बंद करायला सांगितलं. गळती कुठून आहे कळत नाही. काकूंनी दोन फडके भरून पाणी पुसलं. चार दिवस तरी परतता येणार नाही.

३ सप्टेंबर

पेटी गळली नव्हती. निघण्याआधीच्या आठवड्यात सिंगोनियमचं एक नवं पान वाढून ठिबकीच्या नळीखाली आलं आणि त्याचं टोक झाकणाच्या फटीतून बाहेर झुकलं. थेंब पानावर पडायचा, मधल्या शिरेवरून घसरत टोकापर्यंत जायचा आणि काचेच्या बाहेरून खाली. थेंबाथेंबाने चार लिटर गेले. पाणी तीन सेंमी उतरलं.

पाच दिवस पंप बंद. मासे पाचही ठीक. माथ्याचा जावा मॉस वाळून कागद झाला, फिकसची वरची टोकं करपली. पण रेघेखालचं सगळं जसंच्या तसं हिरवं. पाणी उतरलं तशी ओल्याची रेघही उतरली होती आणि नुकसान बरोबर त्या नव्या रेघेपासून वर सुरू झालं होतं. काचेवर बोट ठेवून दाखवता येईल इतकं नेमकं.

आता नियम केला: ठिबकीच्या नळीच्या चार बोटं परिसरात पान ठेवायचं नाही आणि बाहेरगावी जाताना पंप बंद, पाणी दोन सेंमी जास्त.

गावाहून आमच्याच गडग्यावरची शेवाळ तळहाताएवढी आणली, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून. सड्यावर (जांभ्याच्या उघड्या पठारावर) सीतेची आसवं ही रानफुलं फुलली होती, ती फक्त पाहिली. तिथली झाडं पावसाळ्यापुरती आणि त्या कातळापुरतीच असतात, ती उपटून आणू नका.

७ ते १४ सप्टेंबर

शेवाळ ताकात घुसळून दगडाला फासली की लवकर धरते, असं पुष्कळ जण सांगतात. अर्धी शेवाळ तशी फासली. चौथ्या दिवशी पांढरी बुरशी, आंबट वास, आणि ताक ठिबकून पाण्यात उतरल्यावर मासे पृष्ठभागावर येऊन श्वास घेऊ लागले. लगेच अर्धं पाणी बदललं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. दगड ब्रशने घासला. एक मादी मेली. मला याचं फार वाईट वाटलं. उघड्या अंगणात पावसाने धुऊन जात असेल, बंद पेटीत हा प्रयोग करू नका.

उरलेली शेवाळ बोटाने कुस्करून नुसत्या पाण्यात कालवली आणि दगडाच्या खडबडीत भागात दाबली. वर दोरा.

१२ ऑक्टोबर

शेवाळीत पहिले चार आठवडे काहीच घडलं नाही. आज भिंगातून बघितलं, तर रेघेच्या जरा खाली हिरवे ठिपके, मखमलीच्या लवीसारखे. रेघेच्या वर ठिबक असूनही तिने धरलं नाही. तिला वरून पडणारं पाणी नको असावं, दगडाच्या पोटातून झिरपणारं हवं.

गप्पींची पिल्लं झाली, मोजली तर एकोणीस. सुरुवातीलाच फक्त नर मागायला हवे होते. पिल्लं सोसायटीच्या कारंज्याच्या हौदात दिली. नदी-नाल्यात सोडायची नाहीत, ते तिथले मासे नव्हेत.

९ नोव्हेंबर

थंडी सुरू झाल्यावर हवा कोरडी झाली, आठवड्याला दीड लिटर पाणी घालावं लागतं. नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून मगच. पाण्याखालच्या दगडांवर मऊ तांबूस साय येते, ती आठवड्यातून एकदा नळीने ओढून घेतो. क्रिप्टोकोरीनला सात नवी पानं. करपलेली फिकसची वेल पुन्हा माथ्यापर्यंत पोचली.

आजवरचा खर्च ६,३०० रुपये. त्यात फोम, चुकीचं सिलिकॉन आणि फिटोनिया मिळून ८१० वाया. वाढीव झाडांचे १२० धरले आहेत. चिरा आणि मासे फुकट.

१४ डिसेंबर

तिसऱ्या दगडाच्या भोकात, पिवळ्या मातीवर, तीन-चार मिमीच्या चपट्या हिरव्या खवल्या दिसल्या. काहीतरी रोग आहे समजून त्या काढायला चिमटा हातात घेतला होता. भिंगाखाली धरल्यावर त्यांचा आकार दिसला: प्रत्येक खवली बदामासारखी, वर मध्ये खाच असलेली. नेच्याचं पहिलं रूप असंच असतं. बीजाणू रुजले की आधी हे पान येतं, मग त्यातून खरा नेचा. ते बीजाणू मी टाकले नव्हते. धुऊन, घासून, भिजवूनही त्या भोकात टिकून राहिले होते. किंवा शेवाळीबरोबर आले असतील. चिमटा ठेवून दिला.

४ जानेवारी २०२६, रविवार

एका बदामातून केसाएवढा देठ वर आला आहे. काळा, चकचकीत, टोकाला घडी घातलेलं नखाएवढं पान. हंसराज वाटतो. गावी विहिरीच्या कडेला असतो तो. आईला दाखवलं, तिनेही तेच नाव घेतलं.

त्याच्यावर अनुबियासच्या मोठ्या पानाची सावली पडते. पुढच्या रविवारी अनुबियास दोन बोटं उजवीकडे सरकवायचा आहे.